सगळे पाइप काळेच!

ॲन आर्बर शहर मागे पडून वस्ती विरळ झाली की घरांभोवती मोकळ्या जागा दिसू लागतात, आणि शेडमध्ये छोटा ट्रॅक्टर. हिवाळ्यात बर्फ सारायला, एरवी मातीकामाला. त्याच्या पुढच्या लोडरचा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढायला बसलं की हातात येतात चार हायड्रॉलिक पाइप. जाडी तीच, रंग तोच, आतलं तेलही तेच. मग एक लोडर उचलतो आणि दुसरा खाली कसा आणतो?

गंमत पाइपात नाहीच, तो कुठे जोडलाय त्यात आहे. सिलिंडरच्या बुडाकडून तेल शिरलं की रॉड बाहेर येतो, दुसऱ्या टोकाकडून शिरलं की आत जातो. 5 सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या. दर चौरस सेंटिमीटरला 175 किलो दाब दिला, तर जोर भरतो सुमारे 3,400 किलो. बोटाएवढ्या पाइपातून हत्ती पेलण्याची ताकद वाहते! उलट बाजूने तोच दाब दिला तर जोर घटतो, कारण तिथे पिस्टनची काही जागा रॉडनेच अडवलेली असते.

चारांतले दोन पाइप लोडर वर-खाली करणारे, दोन बकेट वळवणारे. एखाद्या जोडीतले दोन आपसांत बदलले, तर व्हॉल्व्हचा दांडा उलटा चालेल, एवढंच. पण या चारांखेरीज व्हॉल्व्हला पंपाकडून येणारा आणि टाकीकडे परतणारा पाइपही असतो; ते दोन आपसांत बदलले, तर दाबाला सुटकेची वाट उरत नाही. सील किंवा पंपही जाऊ शकतो.

म्हणून खूण पाइपावर हवी, तशीच तो जिथून काढला त्या तोंडावरही. नुसत्या पाइपावर ‘3’ लिहून काय उपयोग? शाई तर तेलाने पुसलीच जाते. त्यापेक्षा झिप टाय बऱ्या: पहिल्या पाइपाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. अंधारातही बोटांनी मोजता येतात. सोडण्याआधी फोटो घ्यावा, आणि सुटलेल्या तोंडांना टोपणं लावावीत. व्हॉल्व्हच्या आतली फट काही मायक्रॉनचीच असते, धुळीचा कण तिथे धोंडा ठरतो.

या पाइपांच्या पूर्वजाची एक गोष्ट ॲन आर्बरपासून फार लांब घडली नाही. शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये 1938 साली संशोधक हॅरी फर्ग्युसनने हेन्री फोर्डला आपली हायड्रॉलिक लिफ्ट दाखवली. व्यवहार ठरला तो नुसत्या हस्तांदोलनावर. पुढच्याच वर्षी फोर्ड 9एन ट्रॅक्टर बाजारात आला. मैत्री टिकली नाही. कोर्टकचेरी झाली आणि 1952 मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. हस्तांदोलनाची गोष्ट अशी कोर्टात संपली!

पाइपाला हात लावण्याआधी मात्र लोडर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि दांडा चारही बाजूंना हलवून उरलेला दाब सोडा. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, हात कधीच नको. सुईएवढ्या छिद्रातलं तेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.