शरीरसंबंधातील वेदनेवर फिजिओथेरपीचा उपाय
'सहन करा' या सल्ल्यापलीकडे उपचार आहेत. गरज आहे ती योग्य निदानाची

नेर (जि. यवतमाळ), प्रतिनिधी - मान अवघडली किंवा गुडघा धरला तर नेरमधील माणूस अमरावती वा यवतमाळ गाठून फिजिओथेरपी घेतो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शरीरसंबंधाच्या वेळी स्त्रीला होणाऱ्या वेदनेवरही हीच उपचारपद्धती उपयोगी पडते, ही बाब मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. परिणामी अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे हे दुखणे अंगावर काढतात. 'सुरुवातीला दुखायचेच', 'एक मूल झाले की सारे ठीक होईल' असे सल्ले घरातूनच मिळतात आणि पतीला तो नकार वाटू लागतो. मूल होत नाही म्हणून टोमणे सुरू होतात, पण मूळ कारण कोणासमोर उच्चारलेच जात नाही.

मौनाची मोजदाद

स्त्रियांच्या दुखण्याभोवतीचे हे मौन किती खोल आहे, याचा पुरावा विदर्भातच मिळाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजारांपैकी किमान एक आजार होता. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास केवळ संबंधातील वेदनेपुरता नव्हता. तरीही दुखणे आहे आणि दवाखान्याची पायरी चढलेली नाही, हे चित्र त्यातून जगापुढे आले.

वेदना का होते?

कारणे अनेक आहेत. जंतुसंसर्ग, बाळंतपणातील टाक्यांचा व्रण, स्तनपानाच्या काळात वा पाळी गेल्यानंतर येणारा योनिमार्गाचा कोरडेपणा, त्वचेचे विकार ही कारणे प्रवेशद्वाराशी होणाऱ्या वेदनेमागे असू शकतात. वेदना आत खोलवर होत असेल तर एंडोमेट्रिऑसिस, अंडाशयातील गाठ किंवा ओटीपोटातील जुना संसर्ग यांचा शोध घ्यावा लागतो. म्हणूनच पहिली तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच व्हायला हवी. संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ताप किंवा अचानक उठलेली तीव्र कळ असेल तर विलंब करू नये.

अनेकदा मूळ आजार बरा होतो, पण वेदना राहते. काही स्त्रियांत तर दुसरा कोणताही आजार सापडत नाही. तेथे स्नायूंकडे लक्ष द्यावे लागते. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखा स्नायूंचा पडदा असतो. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तो आधार देतो. डोळ्याजवळ काही आले की पापणी आपोआप मिटते, तसेच वेदनेच्या भीतीने हे स्नायू आपोआप आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते, वाढलेल्या वेदनेने भीती वाढते आणि स्नायू पुन्हा आवळतात. यात स्त्रीच्या इच्छा-अनिच्छेचा प्रश्न नसतो. तीव्र स्वरूपात प्रवेशच अशक्य होतो. त्याला 'व्हजायनिस्मस' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा वेदनेची स्वतंत्र नोंद आहे.

उपचारात काय करतात?

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट प्रथम सविस्तर माहिती घेतात. वेदना कोठे व केव्हा होते, बाळंतपण कसे झाले, लघवी व शौचाच्या तक्रारी आहेत का, हे विचारले जाते. श्वासाची पद्धत, पाठ, कंबर व मांड्यांचे स्नायू तपासले जातात. आतील तपासणी स्त्रीची संमती असेल तरच, हातमोजा घातलेल्या एका बोटाने केली जाते. ती नाकारण्याचा किंवा मध्येच थांबवण्याचा अधिकार स्त्रीला असतो. सोबत विश्वासातील स्त्री असावी, असा आग्रहही धरता येतो.

पुढे पोटातून संथ श्वास घेत स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण दिले जाते. ताठर जागा व टाक्यांचे व्रण हलक्या दाबाने मोकळे केले जातात. काही ठिकाणी स्नायूंचा ताण पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची मदत घेतात. नंतर लहान आकारापासून क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्यांचा, म्हणजे डायलेटरचा, घरी सराव करायचा असतो. मार्ग ताणून रुंद करणे हा त्याचा हेतू नसून, स्पर्श झाला तरी इजा होत नाही हे शरीराला शिकवणे हा असतो. उपचार काही आठवडे ते काही महिने चालतात. या काळात वेदना देणारा संबंध टाळावा. जबरदस्तीने हा आजार बळावतो.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले स्नायू आवळण्याचे व्यायाम लघवी सुटण्याच्या तक्रारीवर उपयुक्त आहेत. मात्र आधीच आवळलेल्या स्नायूंना ते मनानेच करू लागल्यास दुखणे वाढू शकते.

उपयोग किती?

योनिद्वाराशी स्पर्शाने होणाऱ्या वेदनेबाबत कॅनडात २१२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीनंतर ७९ टक्के स्त्रियांनी मोठी सुधारणा झाल्याचे सांगितले. बधिर करणारे मलम वापरणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. अर्थात, प्रत्येकीला गुण येतोच असे नाही. भीती खोलवर रुजली असेल किंवा पूर्वी अत्याचार झाला असेल तर समुपदेशनाची जोड लागते.

संसार मोडण्यापूर्वी

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध होऊ शकला नसेल तर विवाह रद्द ठरवण्याची मागणी करता येते. बऱ्या होऊ शकणाऱ्या दुखण्याला दोष समजून प्रकरण न्यायालयापर्यंत नेण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जाणे केव्हाही हिताचे. दुसरीकडे, लैंगिक छळ हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत येतो, याचेही भान पतीने ठेवायला हवे.

नेर परिसरातील स्त्रियांना स्त्रीरोग तपासणीसाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. या विशिष्ट फिजिओथेरपीचे प्रशिक्षण प्रत्येक फिजिओथेरपिस्टने घेतलेले नसते. त्यामुळे आधी फोनवर तशी विचारणा करावी आणि राज्य परिषदेकडील नोंदणीची खात्री करून घ्यावी. दवाखान्यात 'कंबर दुखते' असे आडून सांगण्याऐवजी 'संबंधाच्या वेळी दुखते' एवढे एक वाक्य स्पष्टपणे सांगितले, तर डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते आणि अनावश्यक गोळ्या व फेऱ्या टळतात.