भयकथेचा वारसा : वहीतून खेळाच्या पटावर

लेखकाला हयातीत मिळणारा मान आणि मृत्यूनंतर त्याच्या साहित्याला लाभणारे आयुष्य यांचे प्रमाण नेहमीच व्यस्त असू शकते. अमेरिकन भयकथाकार हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हे त्याचे ठळक उदाहरण. १८९० मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे जन्मलेला हा लेखक १९३७ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, कर्करोगाने आणि विपन्नावस्थेत मरण पावला. 'विअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकांत त्याच्या कथा छापून येत; पण उदरनिर्वाह मुख्यतः इतरांची हस्तलिखिते सुधारून देण्यावर चाले. सुप्रसिद्ध जादूगार हुदिनीच्या नावावर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक कथा प्रत्यक्षात लव्हक्राफ्टने लिहिली होती.

वाचन आणि पत्रशाळा

लव्हक्राफ्टचे वाचन दांडगे होते. १९२७ मध्ये त्याने भयसाहित्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. अठराव्या शतकातील गॉथिक कादंबऱ्यांपासून समकालीनांपर्यंतचा आढावा घेताना, भीतीचे मूळ अज्ञातात असते, हा विचार त्याने मांडला.

तो कोणत्याही विद्यापीठात शिकवत नव्हता. त्याची शाळा टपालातून चाले. होतकरू लेखकांना तो विस्तृत पत्रे लिहून मार्गदर्शन करी. १९३३ मध्ये पत्रव्यवहार सुरू करणारा किशोरवयीन रॉबर्ट ब्लॉक त्यांपैकीच एक. त्याच्या 'सायको' या १९५९च्या कादंबरीवर पुढे हिचकॉकने चित्रपट काढला. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वान्ड्रेई या पत्रमित्रांनी तर १९३९ मध्ये 'आर्कम हाऊस' ही प्रकाशन संस्था काढून गुरूच्या कथा ग्रंथरूपात आणल्या.

हरण्याचा खेळ

१९८१ मध्ये सँडी पीटरसन यांनी रचलेला 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ 'केऑसियम' कंपनीने बाजारात आणला. खेळाडू पटाभोवती बसून एकेक पात्र वठवतात आणि फाशांच्या दानावर यशापयश ठरते. अशा बहुतेक खेळांत अनुभवागणिक पात्र बलवान होत जाते. येथे उलटे घडते. प्रत्येक पात्राला मानसिक स्थैर्याचे गुण असतात. भयंकर दृश्य दिसले की ते घटतात आणि शून्यावर आले की पात्र खेळाडूच्या हातून जाते. गूढ ज्ञान जितके वाढेल तितकी या गुणांची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. ज्ञान १० गुणांनी वाढले, तर मर्यादा ८९ होते. जाणण्याची किंमत मोजावी लागते, हे लव्हक्राफ्टच्या कथांचे सूत्र अशा रीतीने साध्या अंकगणितात उतरले. १९९२च्या 'अलोन इन द डार्क'पासून २०१५च्या 'ब्लडबोर्न'पर्यंतच्या संगणकीय व व्हिडिओ खेळांवरही त्याची छाया दिसते.

वारशाची दुसरी बाजू

मात्र या वारशाला डाग आहे. लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष त्याच्या पत्रांत आणि कथांतही उघड दिसतो. त्याच्या मुखवट्याची प्रतिमा विजेत्यांना देण्याची प्रथा 'वर्ल्ड फँटसी' पुरस्काराने २०१५ मध्ये बंद केली. २०१६ मध्ये कृष्णवर्णीय लेखक व्हिक्टर लव्हॅल यांनी लव्हक्राफ्टची 'द हॉरर ॲट रेड हुक' ही कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या दृष्टीतून नव्याने लिहिली. कोलंबिया विद्यापीठात लेखनाचे अध्यापन केलेल्या या लेखकाने पूर्वसूरीला नाकारले नाही आणि माफही केले नाही. त्याच्या कथेत सर्वांत भयावह ठरतो तो समुद्रतळाचा राक्षस नव्हे, तर माणसाचा माणसाविषयीचा द्वेष. वारसा स्वीकारताना त्याचा हिशेबही मागता येतो, हा धडा केवळ भयकथेपुरता मर्यादित नाही.