पोस्टरवर नसलेलं नाव

जत्रा जवळ आली की एस.टी. स्टँडच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर लागतं. त्यावर चित्र असणारच, असं आपण धरून चालतो. पण राणी व्हिक्टोरियाच्या काळात, लंडनमध्ये बरीच वर्षं नाटकाच्या जाहिराती नुसत्या अक्षरांच्या असत. नाटकाचं नाव आणि खाली नटांची लांबलचक यादी.

१८७१ साली फ्रेड वॉकर या चित्रकारानं ‘द वूमन इन व्हाइट’ या नाटकाचं पोस्टर काढलं. पांढऱ्या वस्त्रातली बाई, ओठांवर बोट, मागं वळून बघत दाराबाहेर चाललेली. हे चित्र लाकडात कोरून छापलं, फक्त काळ्या-पांढऱ्यात. रस्त्यावरचे लोक थांबून बघावेत असंच ते होतं.

रंगीत पोस्टरं दगडावरून छापत. त्याला आपल्याकडे शिळाप्रेस म्हणत. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेला-पाण्याचं जमत नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरातच कळतं. शाईही तेलकट, म्हणून ती ओल्या दगडाला लागत नाही, रेघेलाच धरते. वर कागद दाबला की चित्र उमटतं. प्रत्येक रंगाला दगड वेगळा. रंग वाढले की खर्च वाढला.

१८९४ साली ऑब्रे बिअर्ड्स्ली या २१ वर्षांच्या मुलानं ॲव्हेन्यू थिएटरसाठी निळ्या-हिरव्या रंगांत पोस्टर केलं. ठिपक्यांच्या पडद्यामागे उभी बाई. काहींनी थट्टा केली, पण चर्चा झाली. पुढे क्षयानं तो २५व्या वर्षीच गेला.

त्या हंगामाची सूत्रं फ्लॉरेन्स फार या नटीच्या हाती होती. आणि पैसा? तो ॲनी हॉर्निमन यांचा. आजोबांच्या चहाच्या धंद्यातून त्यांना वारसा मिळाला होता. घरच्यांना नाटक पसंत नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं नाव गुप्त ठेवलं. बर्नार्ड शॉ यांचं नाटकही त्याच हंगामात, त्याच पैशावर उभं राहिलं. पोस्टरवर मात्र ॲनीबाई कुठंच नाहीत. पुढे १९०८ साली त्यांनी मँचेस्टरचं गेइटी थिएटर उघडपणे स्वतः चालवलं.

मैत्रिणींनो, गटाच्या पापडाच्या पाकिटावर, मेळाव्याच्या फलकावर कुणाची नावं छापतो, ते पुढच्या बैठकीत एकदा बघा. पैसे घालणारी, रात्री जागून पीठ मळणारी त्यात आहे का? नसेल, तर आधी तिलाच विचारा, नाव घालायचं का. तिनं हो म्हटलं, तर पुढच्या छपाईत ते घालून टाका.