गाठ मारलेले सूत, झळाळणारे पॉलिएस्टर

प्राडा या इटालियन फॅशनगृहाने जून 2025 मध्ये मिलान येथे पुरुषवस्त्रांच्या सादरीकरणात कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखवल्या, त्या घडवणाऱ्या परंपरेचा उल्लेख केला नाही आणि महाराष्ट्रातून निषेध उमटल्यावर भारतीय प्रेरणेची कबुली दिली, हा घटनाक्रम आता सर्वपरिचित आहे. त्यावरील चर्चेत एक गोष्ट बहुधा निसटली, ती ही की कोल्हापुरीचा हा पहिला परदेशप्रवास नव्हता. 1970 च्या दशकात अमेरिकेतील हिप्पी तरुणांनी ही अंगठ्याची चप्पल आपलीशी केली, तिच्यावरून ‘टो-रिंग सँडल’ नावाचा प्रकार तेथे रूढ झाला, आणि त्या नावात कोल्हापूर उरले नाही. बेलबॉटम, झालरी, बांधणीचे सदरे आणि चमचमते कापड पुन्हा दुकानांत दिसत असताना, कोणाच्या हातांनी काय घडवले आणि त्यावर नाव कोणाचे लागले, हा प्रश्न त्या जुन्या काळाला विचारणे आवश्यक ठरते.

हिप्पी आणि डिस्को या दोन वेशभूषांकडे सहसा अभिरुचीचा फरक म्हणून पाहिले जाते: एक ढगळ, मातकट, गबाळी; दुसरी अंगाबरोबर बसणारी, लखलखीत, दिखाऊ. हे वर्णन खोटे नसले तरी उथळ आहे, कारण दोन्हींमधील खरी सीमारेषा धाग्यात आहे. हिप्पी पोशाख मुख्यतः कापूस, लोकर आणि कातडे यांवर उभा होता, तर डिस्को पोशाखाचा बराच भाग रसायनशाळेत जन्मलेल्या तंतूंवर. या एका फरकातून कपडा कोण घडवू शकतो, कोण बदलू शकतो आणि कोण त्यावर मालकी सांगू शकतो, हे सारे ठरत गेले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत 1967 च्या उन्हाळ्यात जमलेल्या तरुणांचा पोशाख बव्हंशी टाकाऊतून उभा राहिला होता. लष्कराचा शिलकी माल विकणाऱ्या दुकानांतून खलाशांच्या रुंद पायांच्या विजारी स्वस्तात मिळत. त्या मिळाल्या नाहीत तर साध्या जीनची बाहेरची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून तीत रंगीत कापडाची कळी, म्हणजे घेर वाढवणारा त्रिकोणी तुकडा, बसवली जाई. बेलबॉटमचा लोकप्रिय अवतार बऱ्याच अंशी या घरगुती शिवणकामातून आला. उरलेली गरज पूर्वेकडील देशांनी भागवली. अफगाणिस्तानातील गझनी भागात मेंढीच्या कातड्याचे, आतून लोकर आणि बाहेरून भरतकाम असलेले जे कोट थंडीसाठी वापरले जात, ते 1966 च्या सुमारास लंडनच्या किंग्ज रोडवर विकले जाऊ लागले आणि बीटल्सच्या अंगावर दिसताच त्यांची मागणी एकदम वाढली. घाईने कमावलेल्या कातड्याला पावसात दुर्गंधी सुटे, अशी तक्रार पुढे सर्रास होऊ लागली. थंड पण कोरड्या हवेचे हे वस्त्र ओल्या लंडनमध्ये नेल्याचा तो परिणाम होता, आणि त्याचा ठपका मात्र गझनीच्या नावावर बसला.

या सगळ्यांत बांधणीची कथा अधिक तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण ‘टाय-डाय’ म्हणून ओळखला जाणारा रंगीबेरंगी टी-शर्ट हिप्पी काळाचे चिन्हच मानला जातो. तंत्र फार जुने आहे. कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानातील कारागीर कापडाचा कणभर भाग नखाच्या चिमटीत उचलून त्यावर दोरा आवळतात, कापड रंगात बुडवल्यावर आवळलेल्या जागी रंग पोहोचत नाही आणि गाठ सोडली की तेथे ठिपका उमटतो. जपानमधील शिबोरी आणि पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाचे आदिरे ही याच तत्त्वाची भावंडे होत. अमेरिकेत ते पसरण्यामागे एका घरगुती रंगाच्या विक्रीची गरजही होती. ‘रिट’ नावाच्या या रंगाचा खप घसरत असताना डॉन प्राइस या विक्री अधिकाऱ्याने न्यू यॉर्कमधील कलाकारांना टाय-डाय करून पाहण्यास उद्युक्त केले, विल आणि आयलीन रिचर्डसन या निवृत्त कलाकार दांपत्याच्या प्रयोगांना आधार दिला आणि ऑगस्ट 1969 मधील वुडस्टॉक महोत्सवात विकण्यासाठी शेकडो टी-शर्ट रंगवून घेतले. बंडखोरीचे प्रतीक मानला गेलेला हा कपडा एका कंपनीच्या विक्रीधोरणालाही तितकाच ऋणी होता. रिचर्डसन दांपत्याला 1970 मध्ये अमेरिकी फॅशनचा ‘कोटी’ नावाचा पुरस्कार मिळाला. भूजच्या कारागिरांचा त्यात कोठेही संबंध आला नाही.

तरीही या लाटेचे एक मोल मान्य करावे लागते. कापसाचा तंतू पाणी सहज शोषतो, म्हणून रंगही शोषतो. एक बादली, थोडे मीठ, दोरा आणि रंगाची पुडी एवढ्या सामग्रीवर कोणीही आपला सदरा स्वतः रंगवू शकत असे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने 1956 मध्ये बाजारात आणलेले प्रोसिऑन रंग कापसाच्या रेणूशी थेट रासायनिक बंध जोडत आणि तेही फारशा उष्णतेवाचून, त्यामुळे न उतरणारा झगझगीत रंग घरच्या मोरीतही साधू लागला. वापरणारा आणि घडवणारा यांतील अंतर औद्योगिक समाजात इतके कमी क्वचितच झाले असेल.

पॉलिएस्टरने हे दार बंद केले. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी 1941 मध्ये शोधलेला हा तंतू ब्रिटनमध्ये टेरिलिन आणि अमेरिकेत डेक्रॉन या नावांनी विकला गेला. कापूस हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के, त्यामुळे बादलीतल्या रंगाचा त्याच्यावर टिकाव लागत नाही. त्याला ‘डिस्पर्स’ रंग, म्हणजे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, सूक्ष्म कणांच्या रूपात पसरणारे रंग लागतात, आणि ते तंतूच्या आत शिरावेत यासाठी दाबाखालील यंत्रात सुमारे 130 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते. अशा कापडाची रंगाई कारखान्याबाहेर जवळजवळ अशक्य होते.

याच तंतूचे दुसरे गुण मात्र नाचगृहाला अगदी अनुरूप होते. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होतो आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवतो, म्हणून विजारीची इस्त्री मोडत नाही. त्याचा पिळलेला, कुरळा केलेला धागा डबल निट पद्धतीने, म्हणजे दोन ओळी सुयांवर एकत्र विणला की ताणले जाऊन पूर्वस्थितीला येणारे कापड तयार होते. ड्यूपॉन्टचे क्वियाना हे रेशमासारखे नायलॉन 1968 मध्ये आले, धातूची चमक देणारा लुरेक्स धागा त्याआधीच उपलब्ध होता, आणि फिरत्या दिव्यांखाली ही सारी कापडे उजळून निघत. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या 1977 च्या चित्रपटातील पांढरा तीन तुकड्यांचा सूट पॉलिएस्टरचाच होता आणि वेशभूषाकार पॅट्रिझिया फॉन ब्रँडनस्टाइन यांनी तो ब्रुकलिनमधील दुकानातून तयार विकत घेतला होता. पगाराच्या दिवशी कोणाही कामगार तरुणाला घेता येईल असे ते वस्त्र होते, आणि घाम न शोषणारे ते कापड घालून रात्रभर नाचण्यातली गैरसोय त्या तरुणांनी आनंदाने पत्करली. डिस्कोची हेटाळणी करताना ही बाजू विसरली जाते. ज्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समूहांनी हे संगीत वाढवले, त्यांच्यासाठी झळाळणारा पोशाख हा दिसण्याचा, मोजले जाण्याचा हक्क होता. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्को तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या, तेव्हा रोख केवळ संगीतावर नव्हता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

या दोन जगांना जोडणारा माणूस म्हणजे हॅल्स्टन हा अमेरिकी वस्त्ररचनाकार. त्याने रिचर्डसन दांपत्याचे टाय-डाय कापड वापरले आणि थोड्याच काळाने, 1972 मध्ये, अल्ट्रास्यूडचा शर्टवजा झगा आणला. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये विकसित केलेले हे कापड अतिसूक्ष्म पॉलिएस्टर तंतूंचे असून कातड्यासारखे दिसते आणि तरी यंत्रात धुता येते. तंतूला व्यापारी नाव, कापडाला व्यापारी नाव आणि रचनाकारालाही व्यापारी नाव, अशी ही साखळी होती. हॅल्स्टनने 1973 मध्ये आपला व्यवसाय आणि नाव नॉर्टन सायमन या उद्योगसमूहाला विकले, आणि पुढील दशकात स्वतःच्या नावाने कपडे तयार करण्याचा हक्कही गमावला. बांधणी करणाऱ्या हातांना नाव मिळाले नाही आणि ज्याला मिळाले त्याच्याकडून ते काढून घेतले गेले, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या आहेत.

महाराष्ट्राने या बदलाची किंमत आणि लाभ दोन्ही अनुभवले. टेरिलिन आणि टेरिकॉटच्या न चुरगळणाऱ्या विजारी, लांब टोकांच्या कॉलर आणि बेलबॉटम येथील महाविद्यालयांत हिंदी चित्रपटांच्या हातात हात घालून आले. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना उभा राहिला आणि ‘डिस्को डान्सर’ही त्याच वर्षी झळकला. या योगायोगातून कार्यकारणभाव काढणे चुकीचे ठरेल, परंतु कापसाच्या शहराकडून कृत्रिम धाग्याकडे सरकलेला तोल त्यात स्पष्ट दिसतो. गोव्यात उलट दिशेचे काम झाले. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी हिप्पींनी मुक्काम लांबवण्यासाठी स्वतःच्या वस्तू विकायला सुरुवात केली, त्यातून बुधवारचा बाजार उभा राहिला आणि पुढे आरसेकाम विकणाऱ्या लमाणी स्त्रियांनी तेथे जागा मिळवली. मधला व्यापारी गळाल्यामुळे गिऱ्हाइकाला निदान घडवणाऱ्या समाजाचा चेहरा दिसू लागला.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, पण असे मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नाही, आणि भारतातील नोंदणी परदेशात आपोआप लागू होत नाही. बांधणीची अडचण त्याहून बिकट आहे. आज ‘बोहो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक झग्यांवर बांधणीचे चित्र कागदावरून उष्णतेने पॉलिएस्टरवर उतरवलेले असते, म्हणजे नक्षी हिप्पी पेटीतली, धागा डिस्कोचा आणि गाठ मारणारा कोणीच नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे: खऱ्या बांधणीत ठिपके लहानमोठे असतात, कापड ताणले नाही तर गाठींच्या जागी बारीक सुरकुत्या हाताला लागतात आणि रंग दोन्ही बाजूंना सारखा उतरलेला असतो, छापील कापडात प्रत्येक ठिपका तंतोतंत एका मापाचा, पृष्ठभाग सपाट आणि उलटी बाजू फिकट असते.