छोट्या कंपनीतलं काम : आपलेपणा आणि हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण मार्क्सच्या परात्मतेच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक तरुणी भेटायला आली. सहा जणांच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ती काम करते. म्हणाली, "सर, मला माझं काम परकं अजिबात वाटत नाही. पण दोन महिन्यांचा पगार थकलाय आणि तो मला मागता येत नाही. हे कशात बसतं?" प्रश्न इतका नेमका होता, की आजचा वेळ त्यालाच देतो.

आधी थोडी उजळणी. १७७६ सालच्या ग्रंथात अ‍ॅडम स्मिथ टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण देतो. एकानं तार ओढायची, दुसऱ्यानं सरळ करायची, तिसऱ्यानं तोडायची. असे दहा जण दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. उत्पादन वाढलं, पण 'ही टाचणी मी केली' असं त्यातला कोणीच म्हणू शकत नाही. पुढे १८४४च्या लेखनात मार्क्स म्हणतो, कामगार आपल्या वस्तूपासून, आपल्या कृतीपासून आणि इतर माणसांपासून तुटतो. हीच परात्मता.

आता आपल्या कोल्हापुरात या. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम तयार झाले. तिथे पडेल ते काम करायचं आणि करता करता शिकायचं. १९२९मध्ये हे चौघं आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी यांनी 'प्रभात' काढली. मालकच कारागीर होते. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रण सांभाळलं, फत्तेलालांकडे कलाविभाग होता. आणि याच दोघांनी १९३६चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. इथे कुठे आली टाचणी? हाताला आपलं काम ओळखू येतंय.

मग सगळं छान का? नाही. याच चौघांना 'प्रभात' काढण्यासाठी गुरूची कंपनी सोडावी लागली होती. पुढे १९४२मध्ये शांतारामांनीही 'प्रभात' सोडली. कारखाना सोडताना माणूस नोकरी सोडतो. इथे मात्र जिथे घडलो ती जागाच सोडायची असते.

म्हणजे बघा, परात्मतेच्या उलटही एक अडचण असते. मी तिला चिकटलेपण म्हणतो. काम इतकं आपलं होतं, की कामातली चूक दाखवली तरी ती आपल्यालाच लागते. मालक 'दादा' होतो. त्याच्या खिशात किती आहेत तेही आपल्याला ठाऊक असतं. मग हक्काचे पैसे मागणं म्हणजे बेइमानी वाटायला लागते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी संध्याकाळी मी एका छोट्या प्रकाशनात प्रुफं तपासायचो. आम्ही चौघं होतो. मालक स्वतःच्या डब्यातली पोळी आम्हाला द्यायचे. चार महिने पैसे मिळाले नाहीत. ज्याची पोळी खाल्ली त्याला पैसे कसे मागायचे? मी मागितले नाहीत, आणि एक दिवस जाणंच बंद केलं. पुढे कित्येक वर्षं ते रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. पैसे तर गेलेच. पण ते वाचवायला निघालेलं नातंसुद्धा गेलं. मागितले असते तर कदाचित अर्धे मिळाले असते आणि नातं राहिलं असतं.

कांट सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. आपण हे वाक्य नेहमी मालकाला ऐकवतो. पण कांटच्या सूत्रात दुसऱ्याबरोबर आपण स्वतःही येतो! कंपनी जगावी म्हणून जी स्वतःचं भाडं थकवते, ती स्वतःलाच साधन करून टाकते.

म्हणून माझं उत्तर साधं आहे. छोट्या जागी कागद जास्त लागतो, कमी नाही. पगार कोणत्या तारखेला, कामावर नाव कोणाचं, सोडताना काय, हे गोडी असतानाच लिहून घ्यावं. त्यानं दादाचा दादापणा कमी होत नाही. उलट त्यालाही सारखं उपकारकर्त्याच्या भूमिकेत राहावं लागत नाही.

पुढच्या वेळी कांटचं सूत्र सविस्तर बघू. ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसलेली दिसतेय. पैसे मागितलेस का, ते नंतर येऊन सांग.