तलावाचा उथळ काठ जपा

मंगरूळपीर तालुक्यात, आमच्या आसेगावच्या शिवारात पक्षी पाहायचे तर भरल्या तलावावर जाऊ नका, ओसरत्या तलावावर जा. माझं वावर काठालाच आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला मोटारी सुरू झाल्या की पाणी मागे सरतं आणि चिखलाचा, लव्हाळ्याचा पट्टा उघडा पडतो. सगळी वर्दळ तिथेच.

खोल पाणी पाणकावळ्याला चालतं, टिबुकलीला चालतं. शेकाट्या मात्र वीतभर पाण्यातच चालू शकतो आणि तुतारीला तर ओला चिखलच हवा. त्यात चोच खुपसून ती किडे, अळ्या वेचते. थापट्या बदक आपली पसरट चोच पाण्यावर टेकवून पुढे सरकतं. चोचीच्या कडेला बारीक दातेरी जाळी असते. पाणी बाहेर जातं, बारीक जीव आत राहतात. उत्तरेकडून, थेट सायबेरिया-मध्य आशियातून येणारे तुतारी, थापट्या हे पाहुणे दिवाळीच्या सुमारास दिसू लागतात आणि होळीनंतर पांगतात. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. नव्या माणसाने तेव्हाच सुरुवात करावी.

मला स्वतःला पावसाळा जास्त आवडतो. सोयाबीन डवरणीला येतं, तेव्हा शिंगाड्याच्या वेलांवर लांब शेपटीचा कमळपक्षी फिरताना दिसतो. बोटं इतकी लांब की तरंगत्या पानावर त्याचा भार विभागला जातो. मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढचं सगळं नर बघतो: जवळपास चार आठवडे अंडी उबवतो, पिल्लं वाढवतो, प्रसंगी चोच आणि छातीच्या मध्ये अंडं धरून दुसऱ्या जागी हलवतो. असा बाप पाहिल्यावर दुर्बीण खाली ठेववत नाही.

उन्हाळ्यात टिटवी काठाच्या खड्यांतच अंडी घालते. ऊन तापलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. नेमके तेव्हाच पोकलेन येतात. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलाव उपसले जात आहेत. गाळ निघायलाच हवा. त्याने वावराचा पोत सुधारतो, तलावात पाणी जास्त साठतं. पण चारही बाजू उभ्या कापल्या तर शेकाट्याने उभं कुठे राहायचं? पाणथळ जागांविषयीच्या रामसर करारानेही पाणथळ म्हणताना दलदलही धरली आहे.

खोदायचं तर भिंतीपासून पुरेसं अंतर ठेवून मधोमध खोदा. नाला जिथे तलावात उतरतो, तिथला उतार तसाच सोडा, आणि टिटवीची अंडी दिसली तर पिल्लं निघेपर्यंत तेवढ्या भागात यंत्र घालू नका. येत्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे.