‘जीव नकोसा झाला’ : यंत्रसंवाद आणि मानसोपचार

जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेली ‘एलायझा’ ही संगणकप्रणाली रुग्णाच्या इंग्रजी वाक्यात ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालून तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करी. अर्थग्रहण तीत नव्हतेच. आजची मोबाइल ॲप बरीच पुढे गेली आहेत. ‘वोबॉट’विषयीच्या २०१७ सालच्या अभ्यासात ७० तरुणांपैकी दोन आठवडे त्याच्याशी संवाद करणाऱ्यांची खिन्नतेची लक्षणे, केवळ वाचनसाहित्य मिळालेल्यांच्या मानाने, कमी झाली. (ते ॲप जून २०२५ मध्ये बंद झाले, ही गोष्ट निराळी.) अपरात्री निःसंकोच बोलता येते, हा लाभ खराच.

परंतु मराठी मनुष्य आपले दुःख ‘खिन्नता’ या नामाने क्वचितच सांगतो. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरतो’ असे तो म्हणतो. ‘जीव नकोसा झाला’ हे तर उकाड्याने त्रासलेलाही म्हणतो आणि आत्मघाताच्या उंबरठ्यावर उभा असलेलाही. येथे भेद शब्दांत नसून स्वरात व विरामात असतो. टंकलिखित संवादात नेमका तोच गळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेत (दूरध्वनी १४४१६) मराठीतून ऐकणारा माणूस असतो. असे वाक्य येताच ॲपने स्वतः उत्तर न रचता बोलणाऱ्यास तेथे जोडून द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.